गाळातली सुरी

१

चंद्रभानच्या विहिरीतला गाळ काढताना सुरी सापडली, आणि ती कुणाची हे संध्याकाळच्या आत निवळखेडनं ठरवूनही टाकलं.

सुरी कसली, वीतभर गंजाचा तुकडा. लाकडी मूठ कुजून गेलेली, तिच्या जागी एक पितळी शेंबी हिरवी पडून चिकटलेली. जवळून पाहिल्याशिवाय तिला सुरी म्हणायलाही कुणी धजलं नसतं. पण गावाला जवळून पाहायची गरज वाटली नाही. आठ वर्षांपूर्वी, अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात, याच विहिरीपासून पन्नास पावलांवर दिनकररावांचं प्रेत पडलं होतं. बरगडीखाली एकच वार होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा सगळा मराठवाडा पेटलेला. चंद्रभाननं चावडीवर नामांतराचं पत्रक लावलं होतं आणि दिनकररावांनी ते चारचौघांत फाडलं होतं. दोघांची हमरीतुमरी झाली होती. बाकीची बेरीज लोकांनी केली आणि मी ती कागदावर उतरवली.

मी म्हणजे जमादार दत्तराव. त्या वेळी नुसता शिपाई होतो, पण अक्षर चांगलं म्हणून जबाब माझ्याकडून लिहून घेत.

चंद्रभान तीन महिने आत होता. विहिरीत गळ टाकून पाहिले, पण पावसाळ्याचं पाणी, हाती काही लागलं नाही. हत्यार नाही म्हणून तो सुटला. सुटला म्हणजे ठाण्यातून सुटला, गावाच्या तोंडातून कधीच नाही. त्या तीन महिन्यांत त्याचा डावा कान गेला. कसा गेला ते मी पाहिलं होतं आणि कुठल्याही कागदावर लिहिलं नव्हतं.

यंदा दुष्काळानं विहिरीचा तळ उघडा पडला आणि हत्यार वर आलं. नवे फौजदार तरुण होते. जुनी फाईल निकाली काढायची त्यांना घाई झाली होती.

"दत्तराव, ही घासून आणा," ते म्हणाले. "पंचांकडून ओळख पटवू. सोमवारी चंद्रभानला उचलायचं."

पुरावा भांड्यासारखा घासायला द्यायचा नसतो, एवढं मलाही ठाऊक होतं. पण साहेबाला शहाणपण शिकवणाऱ्या जमादाराची बदली कुठं होते, हेही ठाऊक होतं. सुरी फडक्यात गुंडाळली आणि मानवतची एसटी धरली. तो गुरुवार होता.

२

मानवतला बाजाराच्या कडेला कस्तुराबाईचं पाल होतं. जातीची घिसाडी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. भाता सून ओढायची आणि घण ही स्वतः मारायची. पासष्टीची बाई, पण तिच्या हातची कुऱ्हाड घ्यायला लोक सेलूहून यायचे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. लोखंड मात्र वाचता यायचं.

तिनं सुरी हातात घेतली, नखानं टिचकी मारून कानाशी धरली.

"जीव हाय आत," ती म्हणाली. "सगळी न्हाई खाल्ली गंजानं. गाळात व्हती म्हणून वाचली. वाऱ्यावर असती तर भुगा झाला असता."

"चिंच लावून घासू का? लवकर निघेल," मी म्हणालो. घरी तांब्याची भांडी चिंचेनं उजळतात, त्यावरची ही आमची अक्कल.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो.

"जमादारसाब, आंबटानं गंज जातो, खरं हाय. पर आंबट तिथंच थांबत न्हाई. लोखंडबी खातंय. मग त्या सुरीनं आजवर काय भोगलं ते कुणाला कळायचं? रॉकेल द्या आणि उद्या या."

शुक्रवारी गेलो तेव्हा सुरी रात्रभर रॉकेलात भिजून निघाली होती. निजामाच्या वेळचा एक तांब्याचा पैसा घेऊन त्याच्या कडेनं ती गंजाचे पापुद्रे हलक्या हातानं उचलत होती. तांबं मऊ, लोखंडावर ओरखडा उठत नाही, असं तिनं न विचारताच सांगितलं. मग विटकरीची वस्त्रगाळ भुकटी, गोणपाटाचा बोळा, पुन्हा रॉकेल. दोन तास मी तिथं बसलो आणि तीन कप चहा प्यालो. हळूहळू पातं दिसायला लागलं. कुठं काळं, कुठं करडं, मधेच खड्डे. पण पातंच होतं ते.

कस्तुराबाईनं ते उन्हात धरलं आणि दोन्ही अंगांनी फिरवून पाहिलं.

"हे पाहा," शेवटी ती म्हणाली. "लोहारानं पातं केलं, पर धार काढलीच न्हाई. ही भाजी कापायची न्हाई, वशाट-मटण कापायची न्हाई. घरात वापरलेली सुरी धारंकडनं झिजती, पोट आत जातंय तिचं. हिचं पोट जसंच्या तसं हाय."

"मग माणूस मेला कसा?"

"धार हाय की. पर नंतरची." तिनं टोकाकडचे बारीक ओरखडे दाखवले. "ही लोहाराची न्हाई आणि गड्याचीबी न्हाई. गडी माणूस कुरुंदाच्या दगडावर दोन्ही अंगांनी पाजवतो. हितं एकाच अंगानं घासलंय, आपल्याकडं वढून वढून. आणि आता हे टोक बघा."

टोकापासून दोन बोटं पातं वेगळंच होतं. तिथं लोखंड बारीक चाळणीसारखं खाल्लेलं, आणि ती खाल्लेली जागा एका रेषेवर सरळ थांबलेली. जणू कुणी तेवढाच भाग कशात तरी खुपसून ठेवला होता.

"हे पाण्यानं केलेलं न्हाई. पाण्याला अशी सरळ रेघ मारता येत न्हाई," कस्तुराबाई म्हणाली. तिनं हात पुसले आणि सुनेला भाता थांबवायला सांगितलं. "मला तुमच्या गावाला न्या. आणि वाटंत एक लिंबू घ्या."

३

शनिवारी सकाळी आम्ही निवळखेडला उतरलो. लिंबाचं कारण तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोलिसात तीस वर्षं काढल्यावर माणूस एवढं शिकतो की गप्प बसणाऱ्याला बोलतं करायला गप्पच बसावं लागतं.

आधी चंद्रभानकडं गेलो. त्यानं "जयभीम" म्हणून बाज टाकली आणि माझ्याकडं उजवी बाजू करून बसला. त्याची ती सवय पाहिली की मला नजर कुठं ठेवावी ते कळत नसे.

"सोमवारी न्यायलेत म्हणं मला," तो म्हणाला. "सांगून टाका जमादार. कापूस लावायचा की न्हाई, तेवढं ठरवाया बरं."

कस्तुराबाईनं सुरी त्याच्या हातात दिली. त्यानं ती भाकरी उलटवावी तशी दोनदा उलटीपालटी केली.

"असली आमच्यात नसती बाई."

"तुमच्या लग्नात नवरदेवाच्या हातात काय व्हतं?" तिनं विचारलं.

मला हा प्रश्न अस्थानी वाटला. चंद्रभान मात्र जरा हसला. "आमच्यात छप्पनपासून ते सगळं बंद. माझ्या लग्नात हात मोकळे व्हते. ते जोडून उभा ऱ्हायलो, वंदना म्हणली, झालं लग्न."

कस्तुराबाईनं मान हलवली. आत तानुबाई, चंद्रभानची बायको, जात्यावर बसली होती. जातं थांबवून ती दारात आली.

"तवाबी आमचंच नाव घेतलं, आत्ताबी घ्यायलेत," ती म्हणाली. "हे आत व्हते तवा वरल्या आळीतलं कुणी आमच्याकडं पाहतबी न्हवतं. कामाला बोलवत न्हवते. लेकरं उपाशी. एकट्या केशरबाईनं दोन पायल्या जवारी आणून दिली. त्या दिसांत, त्या आळीतनं, एकटी बाई आली. अन् दर सुगीला आणती अजून. देवमाणूस हाय."

"केशरबाई कोण?" कस्तुराबाईनं विचारलं.

"दिनकररावांच्या भावकीतलीच," मी सांगितलं. "विधवा आहे, एकटीच राहते."

तिथून बन्सीधरकडं गेलो. हा दिनकररावांचा धाकटा भाऊ. भाऊ गेल्यावर सगळी जमीन याच्याच हाताखाली आली. भावजय नर्मदाबाई त्याच घरात माजघरातल्या सावलीसारखी राहायची. सुरी पाहताच बन्सीधर म्हणाला, "वशाटाची सुरी हाय. कुणाच्या घरची ते काय सांगाया पायजे?"

"तुमी पंच म्हणून सही करताल?" कस्तुराबाईनं विचारलं.

"दोन करतो."

"बरं," कस्तुराबाई म्हणाली. तिनं पदराच्या गाठीतलं लिंबू काढलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत सुरीच्या टोकावर टोचलं. लिंबू त्या खाल्लेल्या रेषेपाशी येऊन नेमकं थांबलं.

बन्सीधरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दारामागून नर्मदाबाई पुटपुटली, "आगं बाई. ही तर कट्यार हाय."

४

आमच्या भागात हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात. नावालाच कट्यार, असते साधी सुरी. दृष्ट लागू नये म्हणून तिच्या टोकाला लिंबू टोचलेलं. लग्न लागून जोडीनं मारुतीच्या पाया पडलं की नवरदेवाची आई ते लिंबू काढते आणि पाण्यात सोडते. घरोघरी कट्यार नसते. एका भावकीत एकच, आणि ती शेवटच्या नवरदेवाच्या घरी राहते. पुढचा नवरदेव नारळ घेऊन येतो आणि तिथून ती नेतो. मी स्वतः असली सुरी हातात धरून मिरवलो होतो. पण गंजलेलं हत्यार पाहून मला लग्न आठवलं नाही, खून आठवला. पोलिसाचं डोकं ज्या खुंट्याला बांधलेलं असतं, त्याच्याभोवतीच फिरतं.

"कुणाची भावकी?" कस्तुराबाईनं विचारलं.

"आमचीच," नर्मदाबाई बाहेर येऊन म्हणाली. आठ वर्षांत तिला इतकं मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं. "माझ्या मालकाच्या हातातबी हीच व्हती. शेंबी वळखली मी. लग्नात हिच्याकडंच बघत बसले व्हते, मान वर करायची सोय न्हवती."

म्हणजे नवऱ्याच्या लग्नातली सुरीच त्याच्या बरगडीत गेली होती. हे तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण ती दाराची चौकट धरून खाली बसली.

बन्सीधर घाईघाईनं म्हणाला, "आमची कट्यार घरात हाय," आणि कोनाड्यातून एक चकचकीत सुरी काढून आणली. कस्तुराबाईनं ती नुसती लांबून पाहिली. कारखान्यातली, मुलामा दिलेली, सेलूच्या दुकानातली.

"ही कधी घेतली?"

"एकुणऐंशीत. जुनी... न्हवती."

"न्हवती म्हणजे हरवली?"

बन्सीधरनं नवी कट्यार पुन्हा कोनाड्यात ठेवली. मी हिशोब मांडला. नवी कट्यार एकोणऐंशीत आली, म्हणजे जुनीचा शेवटचा मोसम अठ्ठ्याहत्तरचा. त्या उन्हाळ्यात भावकीत शेवटचं लग्न कुणाचं झालं? गावात अशा गोष्टी कागदावर शोधाव्या लागत नाहीत. भुजंगचं, ज्येष्ठात. मी भुजंगला बोलावून घेतलं. तो आला, सुरी ओळखली आणि घामाघूम झाला.

"माझ्या लग्नात हीच व्हती," तो म्हणाला. "पर माझ्याकडं न्हवती ऱ्हायली. आई शपथ. दिली मी."

"कुणाला दिली?"

भुजंगनं बन्सीधरकडं पाहिलं, बन्सीधरनं जमिनीकडं. आणि दोघांनी तोंडं शिवून घेतली.

५

मला वाटलं, सापडला. माझा हात बन्सीधरच्या खांद्याकडं निघालाही होता. जमीन त्याच्याच घशात गेली होती, पंच म्हणून दोन सह्या करायला तोच तयार होता, आणि आता गप्प बसलाही तोच. फौजदारांना काय सांगायचं तेही माझ्या मनात तयार झालं होतं.

"थांबा जमादारसाब," कस्तुराबाई म्हणाली. "सुरीचं बोलणं अजून संपलं न्हाई."

तिनं टोचलेलं लिंबू काढलं आणि टोक पुसलं.

"लगीन म्हणजे दोन दिसांचं लिंबू. दोन दिसांत लोखंड काळं पडतं, मुंगीनं चावल्यासारखं होतं. अशी वीस-पंचवीस लग्नं झाली असतील तर थोडं आणखी. पर हे पाहा, हितं चाळण झाली. हे दोन दिसांचं काम न्हाई. शेवटचं लिंबू महिनाभर टोकावर ऱ्हायलं. सडलं, वाळलं, तरी कुणी काढलं न्हाई. आणि धारंचे ओरखडे त्या चाळणीच्या वरनं गेलेत. म्हणजे लिंबू निघालं, मग धार लागली, मग वार झाला. मधी दुसरं लगीन न्हाई." ती भुजंगकडं वळली. "तुझ्या आईनं लिंबू काढलं व्हतं का?"

"काढलं व्हतं. नदीत सोडलं. सगळे व्हते तिथं."

"मग तुझं न्हवं. असा कोण नवरदेव हाय, की ज्याचं लिंबू काढायची येळच आली न्हाई?"

नर्मदाबाईच बोलली, खाली बसल्या बसल्या.

"पंडित. केशरबाईचा."

मग तिनं ते सांगितलं. भुजंगनंतर, आषाढी एकादशीच्या आठ दिवस आधी, केशरबाईच्या एकुलत्या एका पोराला हळद लागली होती. कट्यार हातात दिली होती. नवरी पालमकडची. वऱ्हाड शिवेपर्यंत आलं आणि परत फिरलं, कारण त्यांना कुणीतरी सांगितलं की पोराच्या पाठीवर कोड आहे. पोराच्या पाठीवर काहीही नव्हतं. सांगणारे दिनकरराव होते. केशरबाईनं आपल्या रानातून त्यांना गाडीवाट दिली नव्हती, एवढ्यासाठी. पंडित त्याच संध्याकाळी अंगाच्या हळदीसकट स्टेशनकडं निघून गेला. तो आजपर्यंत परत आलेला नाही.

"लगीन मोडल्यालं कुणी मोजत न्हाई," नर्मदाबाई म्हणाली. "अन् मोडल्या हळदीच्या घरातनं कट्यार कोण मागंल? अपशकुनी ती. म्हणून नवी आणली."

कट्यारीच्या ठावठिकाण्याबद्दल गावात कुणी खोटं बोललं नव्हतं. बन्सीधर आणि भुजंग गप्प होते ते लाजेपोटी. भावकीच्या करणीनं पोर देशोधडीला लागलं, हे पोलिसापुढं कोण कबूल करील? सुरी गेली कुठं, हे कुणी विचारलंच नव्हतं. न मोजलेल्या नवरदेवाबरोबर न मोजलेली सुरीही सगळे विसरून गेले होते.

"पंडित परत आला असेल श्रावणात, गुपचूप," मी म्हणालो.

कस्तुराबाईनं सुरीच्या एकाच अंगावरचे ओरखडे अंगठ्यानं चाचपले.

"गडी असता तर कुरुंद घेतला असता," ती म्हणाली.

६

केशरबाईचं घर आळीच्या टोकाला होतं. एक खोली, पुढं ओसरी, आणि ओसरीत मसाला वाटायचा पाटा. पाट्याच्या एका कडेला घासून घासून खाच पडलेली. घरातल्या बाया विळी-सुरीला धार लावतात ती अशीच, पाट्याच्या कडेवर, आपल्याकडं ओढून, पातं न उलटवता. माझी आईही तशीच लावायची.

केशरबाई साठीची, बारकी, पाठीत वाकलेली. तिनं आम्हाला बसायला गोणपाट टाकलं. मग कस्तुराबाईच्या हातातलं पातं तिला दिसलं. ती घाबरली नाही. तिनं ते हातात घेतलं आणि पदरानं पुसलं.

"चांगली घासली," ती म्हणाली. "अशी तर हळदीच्या दिवशीबी न्हवती."

"बाई, लिंबू काढलं न्हाई तुमी," कस्तुराबाई हळू म्हणाली.

"टोचलं मीच व्हतं. काढायचंबी मलाच व्हतं. म्हणलं, पंडित येईल. दुसरी नवरी बघू. लिंबू काढलं की त्याचं लगीन मोडलं असं मीच म्हणल्यासारखं व्हतं. म्हणून देव्हाऱ्यात तसंच ठेवलं." ती पात्याकडंच पाहत होती. "वाळून काळं ठिक्कर पडलं. मग एका दिवशी आपल्या आपणच गळून पडलं. तवा कळलं, तो येत न्हाई आता."

मी काही लिहून घेत नव्हतो. कागद खिशातच राहिला.

"तीन दिस धार लावली. पाट्यावर लवकर लागत न्हाई. दिनकर रोज सकाळी त्या वाटंनं रानात जायचा. मला बघून थांबला. म्हणला, वहिनी, पोराचं काय कळलं का? असं इचारलं त्यानं, हसून." तिनं सुरी खाली ठेवली. "जवळची हीर चंद्रभानची. कुणाची हाय ते तवा मनात आलं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्याला नेलं, तवा आलं."

"आणि आठ वर्षं गप्प बसलात," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. तो चढवण्याचा मला काही हक्क नव्हता.

"म्हणलं, पंडित आला अन् आई जेलात दिसली तर?" ती म्हणाली. "जवारी देत ऱ्हायले. दुसरं काय देता आलं न्हाई."

तिनं घराला कुलूप लावलं, किल्ली नर्मदाबाईकडं द्यायला सांगितली आणि आमच्या आधी वाटेला लागली.

फौजदारांनी त्या संध्याकाळी दोन वेळा विचारलं, हे सगळं लिंबावरून कळलं का? मी हो म्हणालो. कस्तुराबाईनं घासायची मजुरी घेतली नाही. रॉकेलाचा डबा तेवढा ठेवून घेतला.

रविवारी सकाळी मी चंद्रभानकडं गेलो. त्याला जायचं नाही, हे सांगायला ठाण्यातून दुसरं कुणीही गेलं असतं. पण जायला मीच हवा होतो. तानुबाई सुपात ज्वारी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, सोमवारी यायचं नाही, केशरबाईनं कबूल केलं. सुपातले दाणे हलायचे थांबले.

"ती आणून द्यायची," तानुबाई म्हणाली, "तवा मी तिच्या पाया पडायचे. दर सुगीला. आठ बारी पडले."

तिनं सूप खाली ठेवलं आणि आत गेली. चंद्रभान बाजेवर तसाच बसून होता. त्याला नीट ऐकू गेलं नव्हतं. मी चुकून त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो.

"काय म्हणलात जमादार?" त्यानं विचारलं.

मी बाजेला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. सुरीपासून नाही. अठ्ठ्याहत्तर साली मी काय पाहिलं आणि कागदावर काय लिहिलं नाही, तिथपासून.